मुलीची मावशी बोलताय का?

९ जानेवारी

ताईसाहेब,

फोन नको, पत्रच लिहायचं, असं आपलं मागच्या वर्षी ठरलंय म्हणून लिहितेय. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला कुणीतरी फोन आपटते. पत्रात निदान आपटायला काही नसतं.

तर ऐक, आणि लगेच छाती बडवू नकोस. आमचं घर गेलं. मालकाने इमारत विकली आणि नव्या मालकाला ती रिकामी हवी होती. मी पुष्कळ फिरले. पण हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालणारी एकटी बाई, पदरात नऊ वर्षांची पोर, असं ऐकलं की दारं अशी काही बंद होतात की विचारू नकोस. शेवटी सरकारच्या निवारा कार्यालयात गेले. त्यांनी कायमचं घर मिळेपर्यंत आम्हाला एका हॉटेलात ठेवलंय. हो, हॉटेलात! तिसरा मजला, दोन पलंग, जमिनीवर गालिचा, भिंतीला टीव्ही. लिफ्टमध्ये चारी बाजूंनी आरसे आहेत, भावजींना मुद्दाम सांग, त्यांनी असली लिफ्ट कधी दुरुस्त केली नसेल. चादरी हॉटेलवाले बदलतात. जन्मात पहिल्यांदा माझी चादर दुसरं कुणीतरी धुतंय.

आणि गंमत पुढेच आहे. अशा तात्पुरत्या जागेत राहणाऱ्या मुलांसाठी सरकारने एक बाई नेमलीय. मंगळवारी आणि शुक्रवारी येते. खालच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये मुलांना गोळा करते, अभ्यास घेते, खेळवते. पिटूची जुनी शाळा सुटू नये म्हणून बसचा पास तिनेच मिळवून दिला. शनिवारी पोहायला नेते. तुझी भाची पोहते, ताई! थंडीचा नवा कोट मिळाला, स्वतःची रजई मिळाली. जिथे जाईल तिथे ही रजई तिचीच. सगळी पोरं त्या बाईला मावशी म्हणतात. पिटूही म्हणते.

आम्ही मजेत आहोत. काळजीचं कारण नाही. ठमीला पापा.

तुझी,
धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं, ही माझी पहिली चूक. घर गेलं इथपर्यंत माझा आवाज भरून आला होता. मग लिफ्ट आली, गालिचा आला, पोहणं आलं. वाचून संपल्यावर ठमी मला विचारते, "आई, आपलं घर कधी जाणार?"

आता तूच सांग, मी काय उत्तर देऊ? मी या पोरीला पोहण्याच्या वर्गाला घालायचं म्हणून तीन वर्षं म्हणतेय. कधी यांची जादा पाळी, कधी माझं दुकान. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे नीट बसवायचे आणि घरी येऊन ओट्याशी उभं राहायचं, यात शनिवार कुठे जातो ते कळत नाही. आम्ही हप्ते भरतो, कर भरतो, छपराची गळती स्वतः काढतो, आम्हाला कुणी रजई देत नाही. तुझं मात्र लहानपणापासून असंच. पडायची तू आणि खाऊ मिळायचा तुला. पलंगावर भिंतीकडची उबदार बाजू कायम तुझी, कारण काय, तर तू पडशील. मी कडेला झोपून झोपून एका कुशीची झाले, पण ताई पडेल असं कुणाला वाटलं नाही.

हे म्हणाले, "अगं, तिचं घर गेलंय." मी म्हटलं, मला वाचता येतं.

आणि ते मावशी प्रकरण मला मुळीच आवडलेलं नाही. पिटूला मावशी एकच आहे आणि ती मी आहे. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या बाईला बाई म्हणावं. ती करते तरी काय एवढं, की पोरं लगेच नातं लावून मोकळी?

आमच्याकडे सगळं छान. वरच्या खोलीला नवा रंग दिला. फिकट निळा. समोरासमोर दोन खिडक्या असल्यामुळे उजेड काय पडतो! रिकामीच असते बिचारी.

तुझी,
ताई (आणि पिटूची मावशी)


२८ जानेवारी

ताई,

तुझं पोट दुखतंय ते पत्राच्या पाकिटातूनही ऐकू आलं. शांत हो. तू माझ्या लिफ्टवर जळतेस आणि मी तुझ्या गॅसवर. इथे खोलीत काही शिजवायला परवानगी नाही. मजल्याच्या टोकाला एक मायक्रोवेव्ह आहे आणि त्याच्यासमोर सगळ्या मजल्याची रांग. तुला ओट्याशी उभं राहायचा कंटाळा येतो असं वाचलं आणि पत्र फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

ती बाई काय करते म्हणून विचारलंस. खरं सांगू, ती चुकते. मुद्दाम चुकते. एका टेबलावर चित्रांच्या तुकड्यांचं कोडं मांडून बसते आणि घोड्याचं डोकं गाईच्या धडाला लावते. कुणाला काही विचारत नाही, कुणाकडे बघत नाही, आपली चुकत राहते. शेजारी बसलेल्या पोराला ते बघवत नाही. थोडा वेळ चुळबुळ करतं आणि मग म्हणतंच, "असं नाही!" झालं. बोलणं सुरू. नव्या मुलांशी ती असंच करते. प्रश्न विचारले की ही मुलं मिटतात, म्हणते. सगळीकडे त्यांना प्रश्नच विचारलेले असतात.

जाऊ दे. एक छोटं काम आहे. कार्यालयात जवळच्या नातेवाइकांचा नंबर द्यावा लागतो, मी तुझा दिलाय. तिथल्या साहेबांचा फोन आला तर समजून उमजून दोन शब्द बोल. माझी लाज राख, एवढंच.

पिटू मजेत.

धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

राखली! अशी राखली की तू बघत राहशील.

काल दुकानात असतानाच फोन आला. एका म्हाताऱ्यांच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवत होते, त्यांना तसंच बसवून ठेवलं. पलीकडून फार सभ्य आवाज. "मुलीची मावशी बोलताय का?" मी म्हटलं, "हो. खरी मावशी मीच." त्यांना काय कळणार, पण मला बरं वाटलं.

मग म्हणाले, "तुमच्या बहिणीला गरज पडली तर तुमच्याकडे राहण्याजोगी जागा आहे का?" माझ्या डोळ्यांसमोर लगेच तू आलीस, त्या टेबलापलीकडे मान खाली घालून बसलेली, आणि म्हटलं, या माणसाला वाटता कामा नये की हिला कुणी नाही. मी म्हटलं, "अहो जागा म्हणजे काय! वरची अख्खी खोली आहे. नुकताच रंग दिलाय. दोन खिडक्या, भिंतीतलं कपाट, शेजारीच न्हाणीघर. घर आमचं स्वतःचं आहे, कुणाच्या बापाचं भाडं नाही." त्यांनी विचारलं, "किती दिवस राहू शकतील?" मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला? सख्खी बहीण आहे माझी. जन्मभर राहिली तरी कुणी हूं म्हणणार नाही."

ते म्हणाले, "छान. फार मदत झाली." चारचारदा आभार मानले बघ. त्यांच्या बोलण्यावरून वाटलं, तुझं काम आता पटकन होईल. मोठ्या घरची बहीण पाठीशी आहे म्हटल्यावर माणसं जरा वेगळं वागतात.

आता तरी कबूल कर, लाज राखावी तर ताईने.

ठमीने पिटूसाठी चित्र काढलंय, सोबत आहे. त्यात तलाव आहे आणि त्यात दोघी आहेत. ठमी बुडताना दाखवलीय, त्याचा अर्थ मी लावत नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

तू आम्हाला रस्त्यावर आणलंस.

साहेबांनी बोलावून सांगितलं, "अभिनंदन, तुमची सोय झाली." मला कळेचना. मग त्यांनी तुझ्या खिडक्या वाचून दाखवल्या, तुझं कपाट वाचून दाखवलं. हा निवारा ज्यांना जायला कुठेच जागा नाही त्यांच्यासाठी असतो. ज्यांची बहीण जन्मभर सांभाळायला तयार आहे त्यांच्यासाठी नसतो. महिनाअखेर खोली सोडायची. घरांच्या यादीतून नाव खाली. आणि मुलांची ती बाई फक्त निवाऱ्यातल्या मुलांसाठी असते, तेव्हा तीही बंद.

दोन शब्द बोल म्हटलं होतं, ताई. तुझं अख्खं घर बोललीस.

मी स्पष्ट लिहायला हवं होतं की जागा नाही म्हणून सांग. नाही लिहिलं. तुझ्याकडे "नाही म्हण" अशी भीक मागायला जीभ रेटेना. तू कधी "ये" म्हणालीच नव्हतीस, मग "नाही" मुद्दाम काय मागायचं! घर गेलं म्हणून तुला कळवलं, तर तू मला खोलीचा रंग कळवलास. त्या अनोळखी माणसाला म्हणालीस, जन्मभर राहू दे. मला एका ओळीत तरी म्हणालीस का?

आता खरं ऐक. मजेत आहोत हे मी तुला लिहीत होते, कारण तुझी कीव मला झेपत नाही. चादरी बदलतात, पण कधी बदलतील त्याचा नेम नाही. मध्ये पिटू रोज अंथरूण ओलं करत होती आणि मी धोबीखान्यातून माझ्याच पिशवीत चादरी नेऊन आणत होते. खिडकी उघडत नाही. पिटू पलंगावर बसून जेवते, पलंगावर अभ्यास करते, पलंगावरच खेळते. इथे आल्यापासून ती माझ्याशिवाय कुणाशी बोलायची बंद झाली होती. शाळेत नाही, दुकानात नाही. वर्गातल्या बाईंनी नाव विचारलं तरी बुटांकडे बघायची. ती टेबलावर चुकत बसणारी बाई आहे ना, तिच्याशी पहिल्यांदा बोलली. किती आठवडे ती गाईला घोड्याचं डोकं लावत होती, माहीत आहे? आणि पिटू बसून होती. मग एका शुक्रवारी म्हणाली, "असं नाही." मी जिन्यात उभी होते. मी रडले, आणि खोटं कशाला सांगू, रागही आला मला. माझी पोर, आणि तिचा आवाज काढला परक्या बाईने. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या मावशी शब्दाने. माझ्या काळजाला झोंबल्या. पण मी गप्प बसले, कारण पोर बोलत होती.

ते आता सगळं बंद.

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

पत्र यावेळी मोठ्याने वाचलं नाही. न्हाणीघरात कडी लावून वाचलं.

या. दोघी या. हे घे, एका ओळीत लिहिलं. कालच वरच्या खोलीतली यांची अवजारं, दोऱ्या, लिफ्टच्या जुन्या पुल्यांचे डबे सगळं खाली काढलं. पिटूसाठी पलंग आणलाय, लाकडी, एका बाजूला कठडा असलेला. ठमीने तिच्या उशाशी स्वतःचा दिवा नेऊन ठेवलाय. मला न विचारता.

तू म्हणतेस मी कधी "ये" म्हटलं नाही. बरोबर आहे. का नाही म्हटलं तेही ऐकून घे, आता कशाला झाकायचं! तू आलीस की हे घर तुझं होतं. मागच्या वेळी चार दिवस आली होतीस. हे तुझ्या विनोदांवर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. माझ्या एका वाक्याला हा माणूस मान वर करत नाही. ठमी तुझ्या मांडीवरून उठत नव्हती. आई शेवटच्या दुखण्यात इथे माझ्याजवळ होती, कपडे मी बदलले, औषधं मी दिली, आणि दारावर थाप पडली की विचारायची, "धाकटी आली का गं?" मी उभी असायची समोर पातेलं घेऊन.

घर तेवढं माझं आहे, तुझ्याकडे नाही, एवढी एकच गोष्ट. म्हणून रंग कळवला. तुझं घर गेलं ते वाचून मला वाईट वाटलं, आणि त्या वाईटाच्या आत कुठेतरी जरा बरंही वाटलं. पुढच्याच ओळीत तू पोहायला लागलीस. मग माझ्या अंगाची लाही झाली.

आता काही नाही. खोलीत जाऊन उगाच उभी राहते. पिटू या खिडकीत बसेल, त्या कपाटात तिचे कपडे. त्या बाईसारखं चुकतही जाईन मी तिच्यासमोर. आयुष्यभर चुकतच आलेय, मला त्याचा कुणी पगार दिला नाही एवढंच.

कधी येताय ते कळव. हे स्टेशनवर येतील.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

पलंगाचं वाचून फार वेळ बसून राहिले. काय करू तुझं मी!

पण नाही येता येत गं. तुझं गाव इथून पाच तासांवर. माझा धोबीखाना इथे, पिटूची शाळा इथे. शाळेत आत्ता कुठे ती एका मुलीशी बोलू लागलीय. आणि तुझ्याकडे आलो तर यादीतून कायमच्या गेलो. मग तुझ्या निळ्या खोलीत आपण दोघी, वर्षभरात एकमेकींचं तोंड बघणार नाही. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

त्या मुलांच्या बाईने कार्यालयात भांडून आणखी एक संधी मिळवलीय. साहेब म्हणतात, "मावशीने स्वतः फोन करून सांगितलं, की त्या माझ्याकडे राहू शकत नाहीत, तर निवारा चालू ठेवतो." जागा कमी पडते असं सांगून आता भागणार नाही. तू खिडक्यासुद्धा मोजून दिल्यास त्यांना. तुला सांगावं लागेल की मी यांना घरात घेणार नाही. मला नकोत.

ते कारण विचारतील. काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

मला माहीत आहे मी काय मागतेय. महिनाभरापूर्वी मागितलं असतं तर तुला सोपं गेलं असतं, मला अवघड. आता उलटं झालं.

शुक्रवारी दुपारी मी कार्यालयात असेन. तेव्हा कर.

धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

केला फोन.

दुकानातून नको म्हणून घरी आले. वर गेले, पिटूच्या पलंगावर बसले आणि तिथूनच केला. तोच सभ्य आवाज. "मुलीची मावशी बोलताय का?" या वेळी "खरी" म्हणाले नाही. हो म्हटलं.

मी म्हटलं, "मागे जे बोलले ते चुकीचं होतं. बहिणीला आणि तिच्या मुलीला मी घरात घेणार नाही." ते म्हणाले, "पण खोली आहे ना?" मी म्हटलं, "खोली आहे." "मग अडचण काय?" काहीतरी रचून ठेवलं होतं, सासरची माणसं येणार आहेत वगैरे. ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "मी तिच्यावर जळते."

ते म्हणाले, "म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे जळते. लहानपणापासून. आई तिची, नवरा तिच्याकडे बघून हसतो, मुलगी तिच्या गळ्यात. ती आली तर मी तिला सुखाने जगू देणार नाही. मला नकोत त्या दोघी." माणूस चांगला होता गं. थोडा खोकला आणि म्हणाला, "कारण घरगुती कलह असं नोंदवू का?" मी म्हटलं, "नोंदवा. ते कमीच आहे."

फोन ठेवला आणि वळले, तर दारात ठमी उभी. शाळेतून लवकर आली होती. किती ऐकलं माहीत नाही. पिटूच्या उशाशी ठेवलेला दिवा उचलला आणि आपल्या खोलीत गेली. जेवायला आली नाही.

सगळं खरं बोलले मी, धाकटे, शेवटचं वाक्य सोडून. गंमत बघ, बाकीचं खरं होतं म्हणून ते शेवटचंही खरं वाटलं त्यांना.

पिटूला यातलं काही कळू देऊ नकोस. एवढं एकच मागते. तिला वाटू दे मावशीकडे जागा नव्हती. खिडक्या नव्हत्या, काही नव्हतं.

आणि त्या बाईला मावशी म्हणू दे. पण मंगळवारी आणि शुक्रवारीच.

ताई


५ मार्च

ताई,

खोली राहिली. यादीत नाव राहिलं. मुलांची बाईही राहिली.

पिटूचं तू लिहिलंस ते वाचलं. ती बरी आहे. ठमीला मी वेगळं पत्र लिहिलंय, तिच्या नावाने, तू उघडू नकोस.

आणखी काही लिहवत नाही आत्ता.

धाकटी


१९ ऑगस्ट

ताई,

घर मिळालं! पत्ता वर लिहिलाय, तो आधी बघ, मग पुढे वाच. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तळमजला, म्हणजे भावजींच्या उपयोगाची लिफ्ट नाही. खिडक्या उघडतात. पहिल्या दिवशी पिटू नुसती उघडत आणि लावत होती. मी गॅसवर पाणी उकळलं, कशासाठी नाही, नुसतं उकळलं.

मुलांच्या त्या बाईंचं काम संपलं. घर मिळालं की त्या दुसऱ्या मुलांकडे जातात. जाताना ते कोड्याचं खोकं पिटूला दिलं. गाईच्या धडावर घोड्याचं डोकं अजून तसंच आहे, पिटू कुणाला काढू देत नाही.

आता एक गोष्ट. फेब्रुवारीतली. तेव्हा लिहिली नाही, कारण लिहिली असती तर तू लगेच साहेबांना पुन्हा फोन करून सगळं उलटं केलं असतंस.

त्या शुक्रवारी पिटूची शाळा अर्ध्या दिवसाची होती. मी तिला बरोबर नेलं होतं. मला वाटलं होतं साहेब फोन कानाला लावून बोलतील. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. नियम आहे म्हणे, संबंधित व्यक्तीने ऐकायला हवं. तिचे कान झाकावेत एवढंही सुचलं नाही मला. तू बोललीस ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिने ऐकलं. "मला नकोत त्या दोघी" हेही ऐकलं.

तुझा फोन बंद झाला. साहेब लिहायला लागले. खोलीत दुसरे दोन कारकून, दारापाशी रांग. ज्या पोरीने त्या कार्यालयात कधी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, ती खुर्चीवरून उठली, टेबलाशी गेली आणि साहेबांना म्हणाली, "असं नाही."

साहेबांनी वर बघितलं. पिटू म्हणाली, "असं नाही. ती खोटं बोलतेय. मावशीला आम्ही हव्या आहोत."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, ताई. कितीतरी महिन्यांनी माझी पोर चारचौघांत बोलली, आणि मी तिचं तोंड दाबलं. घर जाईल म्हणून. साहेबांनी आमच्या दोघींकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि "घरगुती कलह" लिहून टाकलं. त्यांना ऐकू आलं नसेल असं मी मानते. मुलांची बाई भिंतीशी उभी होती. ती पिटूला बाहेर घेऊन गेली, आणि परत आली तेव्हा डोळे तिचे लाल होते, पिटूचे नव्हते.

बसमध्ये मी पिटूला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "ती पण मुद्दाम चुकत होती."

एवढं लिहिलंच आहे तर तेही लिहिते. माझी बाजू घेऊन ही पोर आजवर कुणापुढे तोंड उघडून उभी राहिली नाही. घरमालकासमोर नाही, शाळेत नाही. राहिली ती तुझी बाजू घेऊन. त्या बसमध्ये मी तुझ्यावर इतकी जळले, की दोन थांबे तिच्याशी बोलले नाही.

आता या. तिघंही या. पलंग एकच आहे, आपण दोघी त्यावर. भिंतीकडची बाजू तुझी.

धाकटी


२५ ऑगस्ट

धाकटे,

शनिवारी निघतो. पिटूचा पलंग हे सुटा करून दोरीने बांधतायत, बरोबर आणतोय. ठमीने दिवा पिशवीत घातलाय. तिला तुझं हे आताचं पत्र वाचायला दिलं. वाचून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, कारण न काढता.

तू माझ्यावर जळलीस हे वाक्य मी यांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ते हसले. माझ्याकडे बघून.

आणि पिटूला सांग, बरोबर ओळखलंस.

ताई